कलावतीबाईंचा आवाज

चेंदणी कोळीवाड्यातल्या कलावती नाखवा १९८१ साली अण्णा लोणकरांच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना वागळे इस्टेटमध्ये, गोदाम डोंबिवलीला, विक्रीचं ऑफिस कल्याणला. गिऱ्हाइकांना नंबर मात्र एकच ठाऊक, ठाण्याचा. तिथे बाई बसायच्या.

"चांगदेव जेवायला गेलाय, सव्वाला करा," त्या सांगायच्या. "आणि ट्रक निघालाय तुमचा, शिळफाटा ओलांडला असेल." गोदाम सांभाळणारा चांगदेव कधी जेवतो हे त्याच्या बायकोपेक्षा बाईंना जास्त माहीत होतं.

१९९६ मध्ये अण्णांनी तिन्ही ठिकाणांचे फोन एका बाहेरच्या कंपनीकडे सोपवले. मशीन त्यांचं, देखभाल त्यांची. फोन केला की रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू येणार, आकडा दाबायचा, की थेट हव्या त्या ठिकाणी. आवाजासाठी कंपनीच्या साहेबाने तीन मुली तपासल्या आणि शेवटी म्हणाला, "या बाईंचाच घ्या. काय स्पष्ट आवाज आहे."

बाईंना वाटलं, बढती. रेकॉर्डिंगला त्या ठेवणीतली साडी नेसून गेल्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून तो बंद करून दोन तास बसवलं. "कारखान्यासाठी एक दाबा, गोदामासाठी दोन दाबा." शेवटचं वाक्य होतं, "आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी बोलतील."

"प्रतिनिधी म्हणजे मीच ना?" बाईंनी विचारलं.

साहेब हातातले कागद चाळत राहिला. पुढच्या महिन्यात बाईंना घरी बसवलं.

आता कल्याणच्या साबण कारखान्यातल्या देवराम स्टोअरकीपरचा फोन जुना, गोल चकतीचा. त्यात बोट घालून फिरवायचं, दाबायचं काही नाही. तो म्हणाला, "बाई, चांगदेवला द्या." बाई म्हणाल्या, दोन दाबा. त्याने पुन्हा विनवलं. बाई पुन्हा तेच. खोपटच्या एसटी डेपोवर गाठ पडली तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

"पंधरा वर्षांची ओळख, आणि सरळ बोलायला काय झालं तुम्हाला?"

"देवराम, मी तिथे नाही रे आता. तो नुसता आवाज आहे."

"कालच तर बोललात माझ्याशी."

समजूत घालणं जमेना. आठ वर्षांपूर्वी अर्ज केलेला फोन बाईंच्या घरी नुकताच लागलेला. त्यांनी तोच नंबर त्याला दिला. त्याने आणखी दहाजणांना दिला. बाईंना गोदामाचा खासगी नंबर पाठ होता. त्या चांगदेवला निरोप द्यायच्या, ट्रक कुठे आहे ते कळवायच्या. सासूबाई जनाबाई वैतागल्या. "हापिस सुटलं म्हणालीस, हे तर घरीच आलं," म्हणाल्या.

एकदा अण्णा कल्याणला एका रंगाच्या कारखान्यात गेलेले. तिथून स्वतःच्याच कारखान्याला फोन लागेना, कारण तिथेही चकतीचाच फोन. "थांबा, त्या बाईंना लावतो," तिथले मालक म्हणाले.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. अण्णा पुढे कुठला आकडा दाबायचा ते ऐकायला थांबले.

"हॅलो, कोण बोलतंय?"

अण्णा थांबूनच.

मालकांनी हातातून फोन घेतला. "बाई, तुमचे अण्णा आहेत."

"त्यांना सांगा, मशीन नाही, मीच आहे."

दुसऱ्या दिवशी अण्णा बाईंना कामावर परत बोलवायला कोळीवाड्यात आले. पण बाईंचा जुना टेलिफोन बोर्ड भंगारात गेला होता, बाहेरच्या कंपनीशी करार तीन वर्षांचा होता. मशीन काढता येणार नव्हतं.

"राहू दे की मशीन," बाई म्हणाल्या. "कुणी काहीच दाबलं नाही, तर फोन माझ्या टेबलावर येऊ दे."

तसं झालं. "काहीच दाबायचं नसेल तर थांबा" हे वाक्यही त्यांनीच रेकॉर्ड केलं. दोन महिन्यांत कुणीच काही दाबेनासं झालं, ज्यांच्याकडे बटणांचे फोन होते तेसुद्धा.

अण्णा मात्र कारखानदारांच्या बैठकीत नव्या व्यवस्थेची तारीफ करत राहिले. ती ऐकून शेजारच्या दोघांनी तीच व्यवस्था घेतली आणि आवाजासाठी कलावतीबाईंनाच बोलावलं. बाई गेल्या. पण रेकॉर्डिंगच्या आधी दोन्हीकडच्या ऑपरेटरबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आणि घरी फोन आहे का ते विचारलं.