दगडफुलाची पुडी
काल सुनेनं मसाल्यासाठी दगडफूल तेलात परतलं आणि त्या वासानं मला बाहत्तर सालच्या उन्हाळ्यातलं भंडारदऱ्याचं रान आठवलं. कॉलेजच्या संग्रहासाठी मी तिथं दगडफुलं गोळा करत होतो. झाडाच्या सालीवरची करडी पापडी चाकूनं सोडवायची, पुडीत बांधायची आणि वर झाडाचं नाव, जागा, तारीख लिहायची. एक बाई बराच वेळ बघत उभी होती. "डाक्टर, त्यातली एक पुडी द्या," ती म्हणाली, "मालक चार दिस तापानं पडून हायेत." मी डॉक्टर नाही, हे औषध नाही, असं मी सांगितलं. "मग पुडीवर नाव कशापायी लिव्हता?" तिनं विचारलं. राजूरच्या दवाखान्यात न्या म्हटलं, तर ती म्हणाली, "उचलायला मानूस न्हाई. समदी खडी फोडाया गेल्यात." तिनं पसरलेला हात काही मागं घेतला नाही. शेवटी मी एक पुडी त्यावर ठेवली. ती पदराला बांधून बाई माझ्या पाया पडली आणि उतारानं झपाझप निघून गेली. पुढं राजूरच्या बाजारात मी दोनदा चौकशी केली, पण तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. तो माणूस उठला की नाही, मला अजून ठाऊक नाही.