नववीच्या शोधात चलथाणपर्यंत

विद्येची अधिष्ठात्री जी शारदा, तिच्या चरणी मस्तक ठेवून हे चार शब्द लिहावयास बसलो आहे. आज वसंत पंचमी. आमच्या घरी या दिवशी मुलांची पुस्तके पाटावर मांडून त्यांवर अक्षता वाहतात. यंदा नातीने पुस्तके आणून दिली नाहीत आणि मीही मागितली नाहीत. असे का झाले, ते सांगणे माझेच काम आहे.

आम्ही मूळचे खानदेशचे. मुलगा सुरतेजवळच्या कडोदऱ्यात कापड विणणाऱ्या एका लूम कारखान्यात लागला आणि त्याच्यामागे आम्ही तेथे आलो. नात पहिलीत जाण्याजोगी झाली, तेव्हा घरापासून हाकेच्या अंतरावर गुजराती शाळा होती. मी हट्ट धरला की मूल आपल्याच भाषेतून शिकेल. ज्या भाषेत आई रागावते, त्याच भाषेत गणित समजते, असे माझे मत. मुलाने माझा शब्द खाली पडू दिला नाही. पांडेसऱ्यास मराठी शाळा होती, म्हणून बिऱ्हाड तेथे हलविले. त्याने लूम सोडून कापड रंगविण्याच्या मिलमध्ये काम धरले. या निर्णयाचा मला पुष्कळ वर्षे अभिमान वाटत असे.

त्या शाळेत वर्ग आठवीपर्यंतच आहेत, हे प्रवेशाच्या दिवशीच फलकावर लिहिलेले होते. मी ते वाचले होते. आठ वर्षे म्हणजे पुष्कळ काळ. तोवर परमेश्वर काहीतरी योजील, असे मनाशी म्हणालो होतो.

नात आठवी उत्तीर्ण झाली आणि नववीचा शोध सुरू झाला. मराठीतून नववी असलेल्या ज्या एका शाळेचा पत्ता लागला, तिच्यात जागा उरली नव्हती. गावी पाठवावे, तर तेथे तिला सांभाळणारे कोणी राहिलेले नाही. सूनबाई तिच्यासोबत गेली, तर बारा तासांच्या पाळीनंतर मुलाला भाकरी कोण देणार? अशा वेळी कळले की चलथाणला साखर कारखान्याच्या बाजूस एक गुजराती शाळा आहे आणि दुसऱ्या माध्यमातील मुलांची परीक्षा घेऊन ती प्रवेश देते. मी तीच शाळा सुचविली. मुलगा म्हणाला, "तिथं घेतलं, तर घर तिकडेच बघू."

परीक्षेस पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत मी तिच्याकडून देवीचे एक संपूर्ण स्तोत्र घोटून घेतले. माझ्या बालपणी पाठशाळेत आचार्यांनी मला असेच म्हणावयास लावले होते आणि तेवढ्यावर प्रवेश दिला होता. शुद्ध वाणी ऐकल्यावर कोणता शिक्षक मुलाला परत पाठवील, अशी माझी श्रद्धा होती. मुलगा एकदाच म्हणाला, "बाबा, पोरीची मुंज नाही लावायची, प्रवेश घ्यायचाय." मी ते हसण्यावारी नेले.

परीक्षेच्या दिवशी मी नातीस घेऊन चलथाणला गेलो. तेथील मुख्याध्यापिका वयाने प्रौढ आणि स्वभावाने सौम्य होत्या. त्यांनी काही विचारण्यापूर्वीच मी नातीस खूण केली. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही स्वर न चुकता स्तोत्र म्हटले. बाई स्वस्थपणे ऐकत राहिल्या.

"बहु सरस, बेटा," त्या म्हणाल्या आणि विज्ञानाचे पुस्तक वाचावयास तिच्यासमोर सरकविले. "हवे आ विज्ञाननो पाठ वांच."

नातीस दुकानांच्या पाट्यांपुरते गुजराती वाचता येत असे. एकेका अक्षरावर बोट ठेवीत ती पहिल्या ओळीच्या मध्यापर्यंत गेली आणि थांबली.  अखेर बाईंनी ठरविले की नववी नाही, आठवीच पुन्हा.

परतताना रिक्षात मी म्हणालो, "स्तोत्र मात्र उत्तम झाले हो."

"आबा," ती बाहेर पाहत म्हणाली, "बाईंनी मला देवळात नव्हतं बोलावलं."



आषाढ लागण्यापूर्वी चलथाणला दोन खोल्यांत आलो. मुलगा आता पांडेसऱ्याच्या मिलमध्ये जाण्यायेण्यातच झोपेचे दोन तास घालवतो. वर्गात नात सर्वांत उंच. मुली तिला 'दीदी' म्हणून चिडवतात. पहिल्या सत्राच्या निकालात संस्कृत सोडून बहुतेक विषयांत ती मागे पडली. ते प्रगतिपत्रक तिने मला दाखविले नाही. सूनबाईने वाचून दाखविले.

दुपारी सूनबाई साड्यांवर टिकल्या चिकटविण्याचे काम घेते. आता शाळेतून आल्यावर नातही तिच्याशेजारी बसते. तिचा हात जलद चालतो. शेजारची खानदेशी बाई कौतुकाने म्हणते, "शाळामा जाईसन काय कलेक्टर व्हशी का वो? हाई काम चांगलं शे." नात हसते. एकदा मी अभ्यासाचे विचारले, तर साडीवरून मान न उचलता म्हणाली, "आबा, हे मला जमतं."

दिवाळीनंतर सूनबाईने मला विचारले, "बाबा, पोरीच्या शाळेसाठी आता कुठे जायचं?" तिच्या स्वरात राग नव्हता. दोन वेळा घर मी सांगितले तेथे गेले होते, म्हणून तिसऱ्यांदाही तिने मलाच विचारले. मी सुचवावे असे गाव माझ्यापाशी उरलेले नव्हते. रोज पूजेस बसतो, पण देवीपुढे काय मागावे, ते सुचत नाही. नातीची वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे आणि ती परीक्षेस बसेल की नाही, हे घरात कोणी बोलत नाही.

वाचकहो, तुमच्या लेकरांना घराजवळ शाळा लाभो आणि तिचे वर्ग मध्येच न संपोत. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना फलकावरचे सर्व शब्द वाचण्याची आणि ते मनावर घेण्याची बुद्धी होवो. तुमच्या कुळात विद्या अखंड नांदो. कल्याणमस्तु.