भिकाजी परबाची राणी

भिकाजी परब गावी वारल्याचं इथे बहारीनमध्ये, बुसैतीनला त्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांनी फोनवर कळवलं, तेव्हा मला नुसतं वाईट वाटलं. किळस आली ती पुढच्या शुक्रवारी, मराठी मंडळाच्या शोकसभेत. टेबलावर त्याचा मोठा केलेला फोटो होता. नऊवारीतला, कुणीतरी पदर ओढतोय आणि भिकाजीचं तोंड उघडं. “भिकाजीने आपल्याला फार हसवलं,” असं म्हणून अध्यक्ष स्वतःच हसले, मग हॉलही हसला. दोन मिनिटं शांतता पाळून झाली आणि बटाटेवडे आले. मी वड्याला हात न लावता उठलो. भिकाजीने आयुष्यात कुणाला हसवायला तोंडाला रंग लावला नव्हता. हे सांगायला तिथे मला कुणी माईक दिला नसता, म्हणून इथे लिहितो आहे.

आमची ओळख इंग्रजांच्या छावणीतली. सत्तर साल उजाडलं होतं आणि सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, बहारीन सोडून जाणार अशी कुजबुज होती. मी वसईचा, छावणीच्या ऑफिसात टायपिस्ट. भिकाजी कुडाळकडचा, तिथल्याच लाँड्रीत इस्त्रीला. त्या वाळूत सोजिरांना करमायचं नाही, म्हणून नाताळात पत्र्याच्या हॉलमध्ये त्यांचं नाटक व्हायचं. नाटक कसलं... केसाळ पायांच्या गड्यांनी झगे घालायचे, छातीत संत्री कोंबायची आणि ऐन वेळी एखादं संत्रं खाली पाडायचं. बाकीचे बियर ढोसत बाकं बडवायचे. मला पडद्याआडून वाक्यं पुरवायला बसवत. घरी येऊन मी आधी अंघोळ करायचो.

भिकाजी गावी दशावतारात स्त्रीपार्ट करायचा. त्या नाटकात संवाद लिहिलेले नसतात. समोरचा जे करील, त्यावर उभ्या उभ्या उत्तर द्यायचं असतं. त्याच्या कंपनीचा नेमही कडक. एकदा कपाळाला कुंकू लागलं की वेश उतरेपर्यंत बिडी नाही, पुरुषी आवाज नाही, आणि सोबतचे गडीसुद्धा त्याला ‘बाय’ म्हणूनच हाक मारणार. हे एका सार्जंटच्या कानावर गेलं. त्याने भिकाजीला बोलावून सांगितलं, यंदा आमच्या नाटकात महाराजा आहे, तू त्याची राणी हो. भिकाजी हरखला. त्याने गावाहून नऊवारी मागवली, नाटकाच्या दिवशी उपास धरला आणि इस्त्रीच्या टेबलापाशी नारळ फोडला.

तो रंगमंचावर आला आणि राणीचा विलाप गायला लागला, तेव्हा हॉल गप्प झाला होता. मग सोजिरांचं आपसात ठरल्याप्रमाणे महाराजा झालेला तोच सार्जंट मागून आला, त्याने छडीने लुगडं वर केलं आणि पदर ओढला. सगळं छप्पर हसलं. भिकाजीला वाटलं, गोष्टीत दुष्ट आला! तो गर्रकन वळला आणि राणीच्या तोंडून त्याने त्या सार्जंटला असा काही शाप दिला, शुद्ध मराठीत, एकाही शब्दाला न अडखळता, की देव ऐकत असता तर तो गोरा तिथेच भस्म झाला असता. सोजीर हसून हसून बाकांवरून पडले.

वेश उतरवल्यावर त्याने मला विचारलं, “सायमन, माझा काय चुकला? लोक हसले कित्याक?”

“तुझं काही चुकलं नाही. त्यांनी तुला हसण्यासाठीच उभं केलं होतं.”

तो बराच वेळ लुगड्याची घडी घालत राहिला. मग म्हणाला, “त्येंका नाटक बघूक येणा नाय रे. माका एकदा आपल्या माणसांसमोर राणी करूची आसा.”

ती आपली माणसं मिळायला दहा-बारा वर्षं गेली. सोजीर गेले, छावणी ओस पडली, भिकाजी मनामा शहरात एका लाँड्रीत लागला. मराठी मंडळ वाढलं, गणपतीत कार्यक्रम व्हायला लागले. तेव्हाच्या अध्यक्षांनी त्याला राणी करायची गळ घातली. “थट्टा नको,” एवढी एकच अट त्याने घातली. “अहो परब, आम्ही काय परके आहोत?” अध्यक्ष म्हणाले.

गणपतीतल्या त्या रात्री विलाप अर्ध्यावर आला होता. सूत्रसंचालन करणारा एक सुटाबुटातला इंजिनिअर माईक घेऊन मागून आला, “वहिनी, जरा इकडे बघा!” म्हणाला आणि त्याने पदर ओढला. पहिल्या रांगेतून शिट्टी आली. कुणाचा तरी कॅमेरा चमकला. त्या सार्जंटची मला जेवढी घाण वाटली होती, त्याच्या दसपट या माणसाची वाटली. सोजिराला निदान ती भाषा कळत नव्हती.

या वेळी भिकाजीने शाप दिला नाही. पदर सोडवून घेतला, खांद्यावरून नीट ओढला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून लोकांमधून चालत बाहेर गेला. वेश तिथे उतरवायला तो तयार नव्हता. मी गाडी काढली. त्याच्या खोलीकडे, मुहर्रक बेटाच्या पुलावरून जाताना तो मागे ताठ बसला होता. नेमामुळे मी काही विचारलं नाही, तोही बोलला नाही. सिग्नलला शेजारच्या टॅक्सीतला म्हातारा अरब त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याने अदबीने मान खाली घातली. खोलीवर मुकुट उतरवून, हात जोडून झाल्यावर भिकाजी स्वतःच्या आवाजात बोलला. “सोजीर बरे. त्येंका ठावक नाय होता. हेंका ठावक होता.” आणि मग, “खलास.”

नंतर त्याने रंगाला हात लावला नाही. त्या रात्री काढलेला फोटो मात्र मंडळाने जपून ठेवला.

माझी बायको एलिझा आपल्या साड्या आमच्या माहूजच्या घरून मुद्दाम त्याच्याकडे इस्त्रीला पाठवायची. शेवटचं गावी जाण्याआधी त्याने करून दिलेली एक साडी परवा कपाटात निघाली. पदर आतल्या बाजूला वळवलेला, घडी उलगडल्याशिवाय हाताला लागणार नाही असा. मी म्हटलं, राहू दे तशीच. ती म्हणाली, “नेसायलाच करून दिलीय ना त्याने?” शुक्रवारी, म्हणजे इथल्या रविवारी, ती साडी नेसून ती चर्चला निघाली. रस्त्यात तशी गर्दी नव्हती. तरी मी तिच्या एक पाऊल मागे चालत होतो, आणि मागून कुणी येतंय का ते वळून वळून बघत होतो.