‘हंगामी’चे दोन अर्थ

पुण्यात वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी जालन्याजवळच्या सरकारी शेती फार्मवर कपाशीच्या कामाला लागले, तेव्हा निजामाचे राज्य होते आणि माझी नेमणूक एका हंगामापुरती होती. पेरणीला घ्यायचे, वेचणी संपली की सोडायचे, ही खात्याची रीत. पुढच्या पेरणीला बोलावणे येईलच असे नसे.

माझे काम मात्र एका हंगामात मावणारे नव्हते. कळी उमलण्याच्या आदल्या सायंकाळी तिचे तोंड दोऱ्याने बांधायचे, म्हणजे परका पराग आत शिरत नाही. त्या बोंडांची सरकी वेगळी राखायची, पुढच्या साली तीच पेरायची, पुन्हा बांधायचे. वाण शुद्ध होईपर्यंत हे वर्षानुवर्षे एकाच नजरेखाली चालावे लागते. मला माझ्या हातून एक वाण सिद्ध करायचा होता आणि त्यासाठी नोकरी कायम होणे आवश्यक होते.

खात्यातल्या आमच्यासारख्यांची एक संघटना होती. हैदराबादच्या कायदेमंडळापुढे सरकारी नोकरीच्या कायद्याचा मसुदा येणार असे कळले, तेव्हा त्यात एक कलम घालून घ्यावे असे ठरले : दर हंगामाला काम करणाऱ्यांना कायम धरावे. निवेदन सरकीच्या गोदामाच्या ओट्यावर सिद्ध झाले. आष्टीकडचे एक काका आमच्यात सर्वांत जुने. मजकूर तेच सांगत होते.

“लिहा, आम्ही हंगामी नोकर आहोत. हंगाम दर साली येतो, बिलकुल चुकत न्हाई. मंग आम्ही कच्चे कसे?”

“हंगाम न्हाई चुकत, काका, साहेबाची सही चुकती,” मागून कोणी म्हणाले.

“गप रे. ह्या बाई कपाशीची कुळी लिहून राह्यल्या, अन् आपलं नाव खात्यात एक साल टिकंना.”

युक्तिवाद मला निर्दोष वाटला. कायदेमंडळाचे कामकाज उर्दूत चाले, म्हणून फार्मच्या कचेरीतल्या उर्दू मुन्शींनी निवेदनाचे भाषांतर केले. ‘हंगामी’पाशी त्यांची लेखणी अडली नाही, शब्द मुळातच त्यांच्या भाषेतला. आमच्या बाजूने मंडळात बोलणारे सभासद, जालन्याचे एक वकील, तो कागद घेऊन गेले.

ते परतले तेव्हा कपाशी फुलावर होती. त्याच ओट्यावर आम्ही जमलो.

“वाचलं. सभागृह हसलं,” वकीलसाहेब म्हणाले. “उर्दूत हंगामी म्हणजे नुसता तात्पुरता, दर हंगामाचा नव्हे. अर्जदार स्वतःच कबूल करतात की आम्ही तात्पुरते, मग कायम कशाला करायचं? इथंच विषय संपला.”

काकांनी दाढी खाजवली. “मंग उर्दूत पिकाला फसल म्हणत्यात, तसं ‘फसली’ नोकर म्हणायला पायजे होतं का, साहेब?”

“तर म्हणाले असते, फसल निघाली, घरी जा.”

प्रयोगात एक घटक बदलूनही निकाल तोच येत असेल, तर कारण त्या घटकात नसते, एवढे मला शिकवले होते. शब्दाने आमचा घात केला नव्हता. नकार आधीच ठरलेला होता आणि त्याला टेकायला एक शब्द हवा होता. हे उमगल्यावर नव्याने निवेदन लिहिण्याची उमेदही राहिली नाही. संघटनेची पुढची बैठक भरली नाही.

त्या सायंकाळी मी दोरा घेऊन वाफ्यात गेले. काका बांधावर उभे होते.

“आता कशाला बांधता, बाई? पुढल्या साली पेरणार कोण?”

ओळ अर्धी बांधून झाली होती, ती पुरी केली.

वेचणी संपली आणि आम्हा दोघांनाही सोडण्यात आले. निघताना कळ्या बांधलेल्या झाडांच्या सरकीच्या पुरचुंड्या मी गोदामात दिल्या आणि प्रत्येक झाडाची वेगळी ठेवा, असे बजावले. गोदामवाल्याने मान डोलावली, एकेक गाठ सोडली आणि माझ्यासमोरच सगळी सरकी मोठ्या ढिगावर ओतली.

“सरकी ती सरकी, बाई,” तो म्हणाला, आणि रिकामी फडकी घडी घालून मला परत दिली.