शिमिटाला पाणी

पुढच्या दोन दातांच्या फटीत कीड लागली तेव्हापासून मी तोंडावर हात ठेवून हसत असे. हात कामात असला की हसणं पुढे ढकलायचं. पंधराव्या वर्षी हे फार जड जातं.

वडील गवंडी. तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम चाललं होतं, तिथे कामाला जात. एक खाडा करून त्यांनी मला बोईसरहून पालघरला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कीड कोरून फटीत दाताच्याच रंगाचं काहीतरी भरलं. "सिलिकेट सिमेंट आहे," ते म्हणाले. पुढे त्यांनी बऱ्याच सूचना दिल्या. पण 'सिमेंट' म्हटल्यावर वडिलांना दुसऱ्या कुणाचं ऐकायची गरज उरली नव्हती.

घरी येताच त्यांनी तांब्या पुढे केला. "शिमिटाला पानी मारलं नाय तर तडे जातात. तोंडात पानी धर. सात दिवस."

मी धरलं. आईच्या हाकेला हुंकार, मैत्रिणींना खुणा. घरात शांतता नांदू लागल्यावर हे काम दर महिन्याला काढावं, असं आईचं मत पडलं. वडील संध्याकाळी कंदील धरून पाहणी करत. "माल चांगला बसलाय," म्हणत.

महिनाभर मी हात खाली ठेवून हसले. मग जीभ खरखरीत कडेला अडकू लागली. भरलेलं झिजून खळगा पडला, चहाने पिवळा झाला, आणि हात पुन्हा तोंडावर गेला. डॉक्टरने रेती जास्त घातली, असा वडिलांचा निकाल.

पुन्हा पालघर. मी सात दिवसांच्या पाण्याचं सांगून बसले.

"अगं, हे झिजतंच, पण इतक्या लवकर नाही! पहिल्या दिवशी ओल लागू नये म्हणून वर वॉर्निश लावलं होतं. पाणी धरायला कुणी सांगितलं?"

वडील एकदम फरशीचे सांधे तपासू लागले. सिमेंटच्या बाबतीत आमच्या आळीत त्यांचा शब्द शेवटचा होता. त्यांची खाली गेलेली मान मी पाहिली.

"आजीने," मी म्हणाले.

डॉक्टरांनी खळगा साफ केला आणि भरायला पुढच्या आठवड्यात बोलावलं.

परतीच्या एस.टी.त वडील माझ्याकडे वळले.

"तुजी आजी तू जल्मायच्या आदीच गेली."

"म्हणून तर तिचं नाव घेतलं, बाबा."

आधी ते हसले, मग मी. कंडक्टर वळून बघायला लागला इतके हसलो. माझे दोन्ही हात मांडीवरच होते.