दर्याकडे तोंड

जिजाबाईनं भर वादळात, सगळ्या किनाऱ्यादेखत, नवऱ्याला ओल्या बोंबलांनी बडवलं, ही बातमी उत्तनहून भाईंदर पश्चिमेच्या बाजारात पोचली ती दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसनं. दुपारपर्यंत चार बोंबलांची टोपली झाली आणि संध्याकाळी लीलाधरच्या डोक्याला टाकेही पडले. खरं एवढंच की तिनं त्याला मारलं. पण हातानं, आणि पाठीवर. बोंबील हाताशी असते तर तिनं ते नवऱ्यावर वाया घालवले नसते. त्या दिवशी तिला एकेका बोंबलाचा जीव प्यारा होता. नवऱ्याचं नंतर बघता आलं असतं.

मे महिना लागला की सगळं मीरा-भाईंदर उन्हाला शिव्या घालतं. उत्तनच्या किनाऱ्यावर वाळू अशी तापते की पुरुषमंडळी होडीच्या सावलीत आडवी होतात ती चहालाच उठतात. जिजाबाई एकटी उन्हाची बाजू घ्यायची. डोक्यावर ओला टॉवेल टाकून ती बांबूंच्या मांडवाखाली उभी राहायची आणि बोंबलाच्या तोंडात बोंबलाचं तोंड अडकवून जोडी दोरीवर टांगायची. टांगताना तिचं तोंडही चालू. ही जोडी अमक्याची, ही तमक्याची, अशी ती जोड्यांना गावातल्या नवराबायकोची नावं देत जायची, आणि वाऱ्यानं एखादी जोडी सुटून खाली पडली की संध्याकाळी त्या घरी जाऊन काही भांडण वगैरे झालं का याची चौकशी करायची. झालेलं नसलं तर तिच्या चौकशीनं व्हायचं.

पण या मेमध्ये तिचा जीव टांगणीला होता. भाईंदरच्या बाजारात तिची बसायची जागा आहे, जिन्याच्या कडेला, दोन माणसं मावतील एवढी. सासू बसायची तिथं. सासू गेली तेव्हा जागा लेकीला मिळणार, असं लेकीला, म्हणजे लीलाधरच्या बहिणीला, चंपाला, वाटत होतं, मिळाली सुनेला. चंपा चेण्याला दिलेली, डोंगराच्या पायथ्याशी. तिथून रोज बाजार कुठून गाठणार, असं जिजाबाई सगळ्यांना समजावून सांगायची. चंपाला तेवढं तिनं कधी समजावलं नाही. आता बाजाराचा कायदा असा की पावसाळ्यात ज्या बाईची जागा रिकामी, त्या जागेवर दुसरी बसते, आणि बसलेली बाई उठत नाही. पावसाळ्यात विकायचं ते सुकं. सुकं करायचं ते मेमध्ये. या वर्षी होड्यांना बोंबील उशिरा लागला होता, म्हणून तिची सगळी मदार या शेवटच्या मालावर होती.

त्यात निकेत. तिचा मुलगा, मीरा रोडला मोबाईलच्या दुकानात कामाला. त्यानं आठवड्यात तीनदा मोबाईलवर फिरत आलेला निरोप आईला पाठवला, की विजांसह पाऊस येतोय, मोकळ्यावर थांबू नका. तिन्ही वेळा तिनं अर्धे सुकलेले बोंबील उतरवून ताडपत्रीखाली घातले. तिन्ही वेळा आभाळ आरशासारखं स्वच्छ राहिलं, आणि ताडपत्रीखाली माल घामेजून त्याला वास सुटला. एक ढीग तर कोंबड्यांच्या खाद्यालाच गेला. तेव्हा तिनं जाहीर केलं की यापुढं ती फक्त दर्याचं ऐकणार. पाऊस यायचा तर पाण्यावरून येईल, आधी दिसेल, मग बघू.

रविवार होता. माल तिसऱ्या दिवशीचा, संध्याकाळपर्यंत खडखडीत झाला असता. उकाडा असा की घाम पुसायलाही हात उचलवेना. सहलीला आलेली पोरंपोरी खडकांवर फोटो काढत होती. भरतीला तिथं पाणी मागून वळसा घालून येतं आणि परतीची वाट बुडते. जिजाबाई दर अर्ध्या तासानं त्यांना हिंदीतून शिव्या देऊन खाली उतरवत होती. पोरंही शहाणी, उतरायची आणि पुन्हा चढायची. मधल्या वेळात ती मांडवाखाली दर्याकडे तोंड करून बसायची. पश्चिमेला एक ढग नव्हता.

चारच्या सुमाराला चंपाचा फोन आला. चेण्याला आभाळ काळं झालंय, गारा पडताहेत, वहिनी, माल काढ. जिजाबाईनं गारांची चौकशी केली, पोराबाळांची केली आणि फोन ठेवला. मग लीलाधरला म्हणाली की तुझ्या बहिणीला माझी जागा अजून विसरता येत नाही. तीनदा पोरानं माल नासवला, आता चौथ्यांदा ही नासवणार. लीलाधरनं मागं वळून पाहिलं. मागं डोंगरीचा चढ, त्याच्यापलीकडचं त्यालाही दिसेना. बायकोच्या आणि बहिणीच्या मध्ये तो तीस वर्षं बोललेला नाही.

मेमधलं वादळ दर्यावरून येत नाही. ते डोंगरातून येतं, काशीमिऱ्याच्या अंगानं, मिठागरं ओलांडून, पाठीमागून. शेतकऱ्याला हे माहीत असतं. पण जन्मभर ज्यांनी पाण्याकडे बघून दिवस काढला त्यांची मान तिकडे वळतच नाही.

आधी वारा पडला. मग एकदम उलटा सुटला, जमिनीकडून पाण्याकडे, आणि सगळ्या दोऱ्यांवरचे बोंबील एकसाथ दर्याच्या दिशेला आडवे झाले. जिजाबाईनं वळून पाहिलं तेव्हा डोंगरीच्या माथ्यावर अर्धं आभाळ शाईचं झालं होतं. ती ताडपत्रीकडे धावली. ताडपत्री तिच्या आधी उडाली. सहलीची पोरं खडकांवरून उतरली ती थेट तिच्या मांडवाखाली घुसली, पाऊस लागू नये म्हणून. उघड्या वाळूवर सगळ्यांत उंच काय, तर तिचे बांबू. लीलाधरनं पोरांना दंडाला धरधरून जाळ्यांच्या खोलीकडे पिटाळलं. जिजाबाई जोड्या ओढून पदरात भरत होती. तेवढ्यात किनाऱ्याच्या टोकाला, वाळूपलीकडच्या ताडावर वीज पडली. सगळा किनारा पांढरा झाला, आणि ताडाचा शेंडा गवतासारखा पेटला.

लीलाधरनं तिला कंबरेला धरून उचललं. पदरातला माल वाळूत सांडला. तिनं त्याच्या पाठीवर मारलं ते तेव्हा, सगळ्या वाटेनं. पन्नाशीपुढची बाई नवऱ्याच्या खांद्यावर, पाय हवेत, हे पोरांनी खोलीच्या दारातून पाहिलं. उत्तनहून निघालेली बातमी त्यांचीच.

पाऊण तास ती त्या दारात उभी होती. पन्नास पावलांवर मांडव. पाऊस तिरका, मग सरळ, मग पुन्हा तिरका. तिसऱ्या दिवसाचे बोंबील पाणी पिऊन फुगत होते, पहिल्या दिवसासारखे. जोड्या सुटून एकेक खाली पडत होत्या. त्या दिवशी तिनं कुणाचीच नावं घेतली नाहीत. लीलाधरनं तिचा हात धरून ठेवला होता, प्रेमानं नव्हे, पळू नये म्हणून. विजा थांबल्या तेव्हा पोरांनी तिचे आभार मानले आणि आइस्क्रीम कुठं मिळेल ते विचारलं.

जूनमध्ये ती बाजारात गेली. टोपलीत आधीचा सुका जवळा, दोन ओंजळी. तो तिनं पसरून पसरून मांडला, तरी जागा उघडीच दिसत होती. येणारी-जाणारी बाई त्या उघड्या जागेकडे बघून जायची. आठव्या दिवशी चंपा आली, करवंदांची पाटी घेऊन. काही न विचारता पाटी ठेवली आणि अर्ध्या जागेवर बसली, जिन्याच्या बाजूला, जिथं सासू बसायची. जिजाबाईनं जवळ्याची टोपली आपल्याकडे ओढून घेतली. दुसरं तिला काही करता येत नव्हतं.

बराच वेळ दोघी गिऱ्हाइकांशीच बोलल्या. मग चंपानं विचारलं, "पुढल्या सालाला मी फोन केला का मागं वळून बघशील ना, वयनी?"

जिजाबाईनं जवळ्यातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"दर्याला पाठ दावून बसू काय? त्याला काय वाटंल?"