झोळीतला गोळा

सातच्या पॅसेंजरने सांगलीला जायचं म्हणून केरूतात्या पाचलाच अंघोळ करून बसले होते. त्यांचं बघून त्यांची बायको बनाबाईही बसली. मिलिंदने, त्यांच्या मुलाने, मोटारसायकलच्या दोन फेऱ्या करून दोघांना सातारा स्टेशनावर सोडलं आणि जाताना म्हणाला, "तात्या, जास्त येळ उनात थांबू नका. झेपलं तर करा, न्हाईतर सांगा न्हाई म्हनून." तात्यांनी मान हलवली. सत्तरी ओलांडल्यापासून ते मान हलवूनच बरीच कामं भागवत.

गाडीला गर्दी नव्हती. तात्यांनी खिडकी धरली आणि कोरेगाव येईपर्यंत मान बाहेरच ठेवली.

"आवं, बसून जाताय का गाडी वडताय?" बनाबाई म्हणाली. "मान मोडंल."

"खांब बघतोय."

"काय बघायचं खांबात? ह्यो गेला, दुसरा आला."

खांब नवे होते. विजेच्या तारा नव्या, शेजारी दुसरा रूळही नवा. तात्यांच्या नोकरीत इथे एकच रूळ होता आणि त्याच्यावरून दोन्हीकडच्या गाड्या. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत यासाठी जे काय होतं ते एक लोखंडी गोळा होता, मोठ्या लिंबाएवढा. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी, आणि ज्या ड्रायव्हरकडे त्या दोन स्टेशनांचा गोळा त्याचीच ती गाडी. मास्तर यंत्रातून गोळा काढून द्यायचे. पॉइंटमनने, म्हणजे तात्यांनी, तो कातडी झोळीत घालायचा, झोळी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली. न थांबणारी गाडी आली की फलाटाच्या टोकाला उभं राहून कडं वर धरायचं; ड्रायव्हर धावत्या इंजिनातून कोपर बाहेर काढून त्यात घालणार आणि ओढून नेणार. केरूतात्यांनी चोवीस वर्षं कडं धरलं. पावसात धरलं, तापात धरलं. उजवा खांदा त्यातच गेला.

कऱ्हाड गेलं, ताकारी गेलं. निंबवडी आली तेव्हा त्यांनी बनाबाईला खुणावलं. निंबवडी त्यांचं स्टेशन. आता तिथे गाडी थांबत नाही. केबिन पाडून टाकलंय, मास्तरांच्या खोलीला कुलूप. गाडी तशीच पुढे गेली.

"आपलं गुलमोहराचं झाड हाय का बगितलं?" बनाबाईने विचारलं.

"न्हाई दिसलं."

"आसंल."

तात्यांनी मान पुन्हा खिडकीबाहेर काढली.

सांगलीच्या जुन्या मालधक्क्याच्या आवारात रेल्वे महोत्सव भरला होता. राजवर्धनने भरवला होता तो. हा राजवर्धन बँकेत नोकरीला, पण जीव सगळा गाड्यांत. कुठलं इंजिन कुठल्या साली आलं, कुठल्या शेडचं, शिट्टी कशी, हे त्याला तोंडपाठ. दिवाळीपासून तो तीनदा साताऱ्याला येऊन गेला होता. तात्यांना बोलतं करून फोनवर रेकॉर्ड करायचा. तात्यांना त्याचं नवल वाटे. आपण ज्या कामाला कंटाळून रोज घरी यायचो, त्याच्यासाठी हे पोरगं सुट्टीच्या दिवशी एवढं येतं.

आवारात तंबू, पुठ्ठ्याच्या गाड्या, जुने कंदील, वड्यांचे गाडे. फोटो काढणाऱ्यांची गर्दी. आतल्या रुळावर एक जुनं डिझेल इंजिन धुऊन, हार घालून उभं केलेलं. ते शे-दीडशे फूट चालणार होतं आणि तात्यांनी ड्रायव्हरला कडं द्यायचं होतं. महोत्सवाचं मुख्य काम तेच. पत्रिकेतही तसंच छापलेलं.

"काका, आलात! बरं वाटलं बघा." राजवर्धनचा आवाज बसला होता. तीन दिवस झोप नसल्यासारखे डोळे. त्याने लाल फीत गुंडाळलेलं नवं कडं तात्यांच्या हातात दिलं. कडं हलकं होतं. तात्यांचा हात न विचारता झोळीकडे गेला आणि त्यांनी ती चाचपली. चपटी लागली.

"ह्यात गोळा न्हाई."

"गोळा तिकडं काचेच्या पेटीत आहे काका, प्रदर्शनात. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते पाहुण्यांना आणायला मिरजेला गेलेत. तसंही डेमोच आहे की. कडं दिसलं म्हणजे झालं. गोळा कुणाला दिसणार?"

"डायवरला."

राजवर्धन हसला. मग तात्या हसत नाहीत हे पाहून थांबला. "काका, पाहुणे साडेअकराला येणार, बाराला जाणार. तीन महिने राबलोय मी ह्याच्यासाठी. माझ्यासाठी एवढं करा."

ते पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याच्या चपलेचा अंगठासुद्धा तुटलेला होता, तो त्याने सुतळीने बांधला होता.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात असंच झालं होतं. जोडीदार भावाच्या लग्नाला गेला म्हणून तात्यांनी लागोपाठ दोन पाळ्या केल्या. दुपारची गाडी आली. मास्तरांनी गोळा हातात दिला, तात्यांनी तो खाकी कोटाच्या खिशात टाकला, कडं उचलायला वळले, आणि मधलं एक काम राहून गेलं. त्यांनी कडं धरलं, ड्रायव्हरने ओढून नेलं, गाडी गेली. पाणी प्यायला माठापाशी वाकले तेव्हा खिशातलं काहीतरी मांडीवर आपटलं. पुढच्या स्टेशनावर गाडी सुखरूप पोचल्याचा फोन यायला अकरा मिनिटं लागली. ती अकरा मिनिटं तात्यांनी गोळा मुठीत धरून काढली. ड्रायव्हरनेही झोळी चाचपली नव्हती. शिक्षा दोघांना झाली. मेलं कोणीच नाही, पण त्यानंतर बरीच वर्षं घरातून कोणी बाहेर पडायला निघालं की तात्या त्याची पिशवी हातात घेऊन दाबून बघत. बनाबाई आधी चिडायची, मग सवय झाली.

साडेअकराला पाहुणे आले, बाराला माईकवर तात्यांचं नाव पुकारलं गेलं. पाहुणे दुसऱ्याच गाडीतून आले होते; किल्लीवाला अजून मिरजेतच होता. ऊन डोक्यावर होतं. तात्या खडीवरून चालत रुळाच्या कडेला, चुन्याने आखलेल्या जागी जाऊन उभे राहिले. खांदा आतापासूनच ठणकत होता. एका क्षणाचं काम, मग सावलीत बसायचं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. समोरून इंजिनाने भोंगा दिला. त्यांनी कडं वर धरलं.

इंजिन माणसाच्या चालीने येत होतं. खिडकीत तिशीचा एक ड्रायव्हर होता, पलूसकडचा, सिद्धू नावाचा. तो हात लांब काढून हसत होता. त्याने हात कसा धरलाय ते तात्यांना दिसलं. फोटोसाठी धरतात तसा. हा झोळीला हातसुद्धा लावणार नाही, तशीच आत टांगून ठेवील, हेही दिसलं. इंजिन दहा पावलांवर आलं आणि तात्यांनी कडं खाली घेतलं.

इंजिन त्यांच्या समोरून तसंच पुढे निघून गेलं. सिद्धूचा हात रिकामा राहिला.

माईकवाला म्हणाला, "थोडी चुकामूक झाली, मंडळी!" लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला झेपलं न्हाई."

"कुणाला झेपलं न्हाई?" तंबूच्या सावलीतून बनाबाई उठली. "यी की हिकडं! रातच्याला, पावसात, इंजनाच्या तोंडाला हुबा ऱ्हाऊन दाव, मग बोल. न्हाई झेपलं म्हनं!"

तो माणूस गर्दीत मागे सरला. पाहुणे घड्याळ बघत गाडीकडे निघाले. राजवर्धन त्यांना पोचवून परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"का काका?"

"रिकामी हुती, बाळा. दिली आसती तर दुसऱ्यांदा झालं आसतं."

काय दुसऱ्यांदा, हे त्याने विचारलं नाही. तीनदा साताऱ्याला येऊनही ही गोष्ट तात्यांनी त्याला सांगितली नव्हती. तो तिथेच उकिडवा बसला. मग उठून कुठेतरी गेला.

इंजिन उलटं येऊन थांबलं. सिद्धू खाली उतरला. "तात्या, माजं काय चुकलं का?"

"तू हुबा ऱ्हायला पायजे हुतास."

"मला फुडं जायाला सांगितलं हुतं की."

"कडं मिळालं न्हाई तर डायवर हलत न्हाई. कुनी का सांगंना."

सिद्धूने टोपी काढून घाम पुसला. त्याच्या नोकरीत गोळा कधीच नव्हता. त्याला दिवे होते, लाल आणि हिरवे. "म्हंजी आमचा लाल दिवा," तो सावकाश म्हणाला. "त्यो आसंल तर सायबानं जा म्हनलं तरी मी न्हाई जात."

"व्हय. तेच."

"मग गेलो की मी लाल दिव्यातनं."

तात्यांनी मान हलवली.

राजवर्धन आला तेव्हा एक वाजला होता. किल्लीवाला परतला होता आणि राजवर्धनच्या हातात गोळा होता. आवारातली निम्मी गर्दी वड्यांच्या गाड्यांकडे गेली होती. "काका, आता घेऊया का परत? बघायला कोणी नाही फारसं. पण घेऊया."

तात्यांनी गोळा झोळीत घातला, चाचपला आणि कडं उचलायला गेले. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. त्यांनी डाव्या हाताने आधार दिला, तरी वर गेला नाही. खांदा आतून कोणी धरून ठेवल्यासारखा.

"आवं, ऱ्हाऊ द्या आता," बनाबाई हळू म्हणाली.

"हुब्या गाडीला हातातच देत्यात," तात्या म्हणाले. त्यांनी झोळी सोडवून गोळा बाहेर काढला आणि सिद्धूच्या तळहातावर ठेवला. "पर वाचायला लागतं. दोन्ही ठेसनांची नावं. मोठ्यांदा."

सिद्धूने गोळा फिरवला. अक्षरं झिजली होती. पहिलं नाव त्याने वाचलं. दुसऱ्यावर अंगठा घासला, थुंकी लावून पुन्हा घासला, गोळा उन्हात तिरका धरला आणि तेही वाचलं. कर्नाटकातल्या कुठल्याशा दोन स्टेशनांची नावं होती ती.

"हे हितलं न्हाई," सिद्धू म्हणाला.

"न्हाई."

"मग मला हलता येतंय का?"

"न्हाई येत."

सिद्धू काही वेळ त्या गोळ्याकडे बघत राहिला. मग त्याने तो राजवर्धनच्या हातात दिला, इंजिनावर चढला, आणि इंजिन बंद केलं. घरघर थांबल्यावर आवारात वड्याच्या तेलाचा चुरचुर आवाज ऐकू यायला लागला.

राजवर्धन गोळा दोन्ही हातांत धरून उभा होता. तात्या मालधक्क्याच्या कडेला बसले आणि त्यांनी बनाबाईकडे पाणी मागितलं. परतीची गाडी चारला होती.